खिळ्याचा डाग आणि मागे समुद्र

मी एक जुना लाकडी पेन आहे. एवढ्या साध्या वाक्यात शंका घेण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. पण मित्रांनो, माझं सगळं दुःख या एका वाक्यात आहे. मी पेन आहे, हे कुणीही मान्य करतं. मी जुना आहे, हे मात्र जिला पटायला हवं होतं तिलाच पटलं नाही. तेव्हा नीट बसा, आपापसात कुजबुजू नका आणि शेवटपर्यंत ऐका. मध्येच बोललेलं मला चालत नाही. माझं निम्मं आयुष्य शाळेत गेलं आहे, त्यामुळे ही खोड आता जायची नाही.

पेन होण्याआधी मी दांडा होतो. शाळेच्या व्हरांड्यात पितळेची एक जाड थाळी टांगलेली असायची आणि तिच्यावर टोल द्यायला एक लाकडी हातोडा होता. त्या हातोड्याचा मी दांडा. माझं झाड कुठलं, हे मला ठाऊक नाही. पुढे एका कातारीने, म्हणजे लाकूड कातून वस्तू करणाऱ्याने, मला हुंगून पाहिलं, नखाने खरवडलं, खिडकीशी नेऊन उजेडात फिरवलं आणि तोही शेवटी म्हणाला, "आहे कुठलं तरी, पण आहे पक्कं." मला तेवढं पुरे झालं.

मला वापरणारे शाळेचे शिपाई होते. सगळी शाळा त्यांना टोलकाका म्हणायची. शाळा भरताना सात टोल, तास संपला की एक, मधल्या सुट्टीला तीन आणि शाळा सुटताना हात दुखेपर्यंत. ते शेवटचे टोल कुणी मोजत नसे, कारण पहिल्यालाच निम्मी शाळा फाटकाबाहेर गेलेली असायची. काकांच्या मनगटावरचं घड्याळ कायम पाच मिनिटं मागे असायचं आणि काका ती पाच मिनिटं मनातल्या मनात मिळवायचे. मुख्याध्यापक म्हणायचे, "अहो, दुरुस्त करून घ्या ते." काका म्हणायचे, "सवय झालीय साहेब. आता ते बरोबर झालं तर माझं चुकेल." गणिताच्या तासाला मुलं दारातून काकांकडे मोठ्या आशेने बघायची. काकांनी पस्तीस वर्षांत एका मिनिटाचीही दया दाखवली नाही, आणि एका मिनिटाचा अन्यायही केला नाही.

दांड्याचं कसलं आलंय कौतुक, असं म्हणू नका. माझं कौतुक झालं आहे. एकदा एक मोठा माणूस आपल्या मुलीचं नाव घालायला शाळेत आला होता. चांगला जाडजूड, टाय लावलेला. काम झाल्यावर तो व्हरांड्यात घुटमळत राहिला आणि लाजत काकांना म्हणाला, "काका, एक टोल मारू का? लहानपणापासून मनात आहे." काकांनी घड्याळ पाहिलं, तास संपायला दोन मिनिटं होती, म्हणून त्याला दोन मिनिटं थांबवून ठेवलं आणि मग मला त्याच्या हातात दिलं. त्याचा हात घामेजला होता.

आता खिळ्याची गोष्ट. ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. एका वर्षी हातोड्याचं डोकं सैल झालं आणि टोल देता देता सुटून थेट मुख्याध्यापकांच्या दारात जाऊन पडलं. काकांनी आम्हा दोघांना घरी नेलं. काकूंनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि काकांनी हातोड्याच्या डोक्यातून माझ्या अंगात एक लांब खिळा ठोकला. तिसरा घाव खिळ्याऐवजी काकूंच्या अंगठ्यावर बसला. त्या ओरडल्या नाहीत. "आता तरी इकडे बघून मारा," एवढंच म्हणाल्या. त्यांचं नख काळं पडलं, गळलं आणि नवं आलं ते वाकडं. खिळा साध्या लोखंडाचा होता. दमट हवेत तो गंजत गेला आणि त्याचा काळपट जांभळा डाग माझ्या अंगात उतरत गेला. लाकडात लोखंड राहिलं की असं होतं. माझा डाग लांबट होता आणि एका टोकाला उंदराच्या शेपटीसारखा बारीक होत गेलेला.

मग शाळेत विजेची घंटा आली. मुख्याध्यापकांच्या टेबलाखाली एक बटण, ते दाबलं की सगळ्या मजल्यांवर कर्कश किरकिर. मी कपाटामागे पडलो. वर्षभराने काका निवृत्त झाले आणि जाताना त्यांनी दुसरं काही मागितलं नाही, मला मागितलं. घरी माझं डोकं फुटून सरपणात गेलं आणि मी खिडकीला टेकू झालो. वारा आला की मी खिडकी धरून ठेवायची. काम हलकं होतं, पण काका रोज एकदा येता-जाता माझ्यावरून हात फिरवायचे, त्यामुळे मला वाईट वाटत नव्हतं. एके दिवशी तो हात आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. घरात माणसांची ये-जा होती, कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, आणि खिडकी तीन दिवस कुणी लावलीच नाही. काका गेले हे मला असं कळलं.

काका-काकूंना एक मुलगी होती. ती शिकली, परीक्षा पास झाली आणि काका ज्या शाळेत टोल द्यायचे त्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागली. नव्या वर्षी शाळा उघडेल त्या सोमवारी तिचा पहिला दिवस होता. हजेरीपत्रकावर ती पहिली सही करेल ती बापाच्या लाकडाने करावी, असं काकूंच्या मनाने घेतलं. मुलीला सांगायचं नाही, पहिल्या दिवशी सकाळी हातात द्यायचा. त्यांना मोबाइलवर एका कातारीची जाहिरात दिसली होती. तो जुन्या वस्तूंच्या लाकडातून पेन करून द्यायचा. कुणाच्या पाळण्याचा दांडा, कुणाच्या खाटेचा पाय. काकूंनी मला जुन्या टॉवेलात गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि पाच तास बसने गेल्या. पार्सलने पाठवायला त्यांचं मन तयार झालं नाही.

कातारी साठीचा माणूस होता, कमी बोलणारा. पुढच्या खोलीत त्याचं लेथ, भिंतीवर ओळीने हत्यारं, आणि सगळ्यांवर भुशाचा पातळ थर. काकूंनी टॉवेल सोडला आणि खिळ्यावर बोट ठेवलं. "दादा, बाकी तुम्हाला हवं तसं करा. पण हा डाग तेवढा राहू द्या. तो राहिला तर हे ह्यांचं. नाही राहिला तर कुठलंही लाकूड काय आणि हे काय."

कातारी म्हणाला, "राहील." आणि त्याने शब्द पाळला, हे मी माझ्या अंगावरून सांगतो. आधी तो खिळा त्याने दोन दिवस तेल सोडत सोडत उपसून काढला. मग माझ्या पोटातून आरपार भोक पाडून पितळी नळी बसवली आणि मला लेथवर चढवलं. लेथवर फिरताना काय वाटतं ते विचारू नका. सगळं जग गरगरतं आणि अंगाची सालपटं निघत असतात. डागापाशी आला की तो हत्यार बाजूला ठेवायचा आणि नुसत्या पॉलिश पेपरने घासायचा, कारण एक घाव जास्त बसला की डाग भुशात गेला. पाच मिनिटांच्या कामाला त्याने अख्खी सकाळ घातली. खिळ्याचं भोक त्याने माझ्याच भुशाने भरलं. शेवटी तेल लावून मला पुसलं आणि डाग क्लिपच्या खाली बोटभर अंतरावर असा आला की पेन धरणाऱ्याला तो रोज दिसावा. मला इतकं देखणं करता येईल असं मला वाटलं नव्हतं.

पण या भल्या माणसाने एक चूक केली. हे सगळं त्याने केलं आणि कुणाला सांगितलं नाही. मागच्या खोलीत त्याची लेक बसायची. तिला एकदा म्हणाला असता की पोरी, हा डाग मुद्दाम ठेवलाय, तर काय जीभ झिजली असती? त्याला वाटलं, डाग आहे, दिसेलच.

लेक पेनांचे फोटो काढायची. मित्रांनो, तिच्या हातात कला होती, हे मी आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही तिच्यावर उगीच खार खाल. बाप वर्षानुवर्षं उत्तम पेन करत होता आणि ते चौघांनाही माहीत नव्हते. लेकीने फोटो काढायला लागल्यावर दूरदूरची माणसं लाकूड घेऊन यायला लागली. तिची खोली मात्र फोटोच्या लायकीची नव्हती. खिडकी चांगली होती, पण खिडकीबाहेर शेजाऱ्यांचे पायजमे वाळत असायचे, कोपऱ्यात गॅसची टाकी, तिच्याशेजारी बादली. तिथे कितीही भारी पेन ठेवला तरी तो बादलीजवळ सापडलेला पेन दिसायचा. म्हणून ती फोटोतला मागचा भाग कॉम्प्युटरवर बदलायची.

तिची पद्धत अशी. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या दोन बाजू कापून तिथे बटर पेपर चिकटवलेला, म्हणजे ऊन गाळून आत येतं. आत पांढरा कागद. त्यावर मळलेल्या मेणाची एक गोळी आणि गोळीवर मी, जरा तिरका. पातळ हातमोजे घालून तिने मला बसवलं, मऊ ब्रशने धूळ झाडली आणि श्वास रोखून फोटो काढला. मग मला कीबोर्डशेजारी ठेवून ती पडद्यावर बसली. माझ्या कडेकडेने एकेक टिंब ठेवत तिने मला कागदावरून सोडवून घेतलं आणि मागे एकेक देखावे लावून पाहिले. पुस्तकांची कपाटं लावली, मी वकिलासारखा दिसलो. बर्फाचा डोंगर लावला, मला बघूनच हुडहुडी भरली. शेवटी समुद्र लावला. मी जन्मात समुद्र पाहिलेला नाही. पण तिने माझ्या खाली ओल्या लाकडी फळीवर पडावी तशी सावली काढली, क्लिपच्या कडेवर उन्हाची एक रेघ ओढली आणि खरं सांगतो, मी सुखावलो. व्हरांडा आणि खिडकी याच्यापलीकडे मी कधी कुठे गेलोच नव्हतो.

मग राहिलं सफाईचं काम. लाकडावर बारीक केस असतो, धुळीचा कण असतो, बोटाचा ठसा असतो. फोटो खूप मोठा करून ती हे सगळं पुसायची. त्या दिवशी आठ पेन होते आणि मी सातवा. तिचे डोळे दमले होते. फोटो इतका मोठा केलेला की पडद्यावर पेन दिसत नव्हता, नुसतं लाकूड सरकत होतं. सरकता सरकता काळं काहीतरी आलं. तिने माऊस नेला आणि एकदा दाबलं. शेजारच्या लाकडाच्या रेघा तिथे येऊन बसल्या, इतक्या बेमालूम की मीच मला ओळखलं नसतं. डाग माझ्या अंगावर होता आणि पडद्यावर नव्हता. मी तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होतो. तिने मान वळवून एकदा बघितलं असतं तर आज मी तुम्हाला ही गोष्ट सांगत बसलो नसतो.

चार वाजता कुरियरवाला आला. आठही पेन पेट्यांत गेले आणि मीही गेलो. कॉम्प्युटरमध्ये जागा नसायची म्हणून मूळ फोटो ती काम झाल्यावर लगेच काढून टाकायची. तसे तिने तेही काढून टाकले. संध्याकाळी तिने प्रत्येकाला आपापला फोटो पाठवला. पेन वाटेत, फोटो हातात, अशी त्यांची रीत होती. गिऱ्हाईक दोन दिवस फोटो बघून खूश व्हायचं आणि मग पेन यायचा.

पुढचं मी पाहिलं नाही, कारण मी गोणीत होतो. पण नंतर ते सगळं माझ्यासमोर बोललं गेलं, म्हणून सांगू शकतो. काकूंनी फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला आणि वरपासून खालपर्यंत शोधत गेल्या. मग त्यांनी कातारीच्या लेकीला फोन केला.

"फोटो छान आलाय बाळ. पण माझा खिळा कुठंय?"

लेकीने कॉम्प्युटरवर माझा फोटो उघडला. आपण काय पुसलं ते तिला त्या क्षणी कळलं. तिला सांगता आलं असतं. पण सात दिवसांपूर्वीच बाप एका पेनाच्या फोटोवरून तिला बोलला होता की तुझे समुद्र नि डोंगर माझ्या लाकडापेक्षा जास्त दिसतात. ती घाबरली. म्हणाली, "उजेडात दिसत नसेल मावशी. दुसरा पाठवते."

दुसरा कुठून पाठवणार? पेन गेला होता, मूळ फोटो गेला होता. मग तिने ते केलं, जे फक्त तिलाच सुचू शकतं. दुसऱ्या एका पेनाच्या फोटोतली काळी गाठ उचलली आणि माझ्या फोटोत क्लिपच्या खाली आणून बसवली. रंग जुळवला, कडा मऊ केल्या. काम सुरेख झालं. फक्त ती गाठ गोल होती आणि माझा डाग लांबट, शेपटीचा. तिने तो नीट पाहिलाच नव्हता, तर तिला कसं कळणार?

काकूंनी दुसरा फोटो मोठा केला आणि पुन्हा पहिला उघडून पाहिला. पहिल्या फोटोत डाग नाही. त्यांनी विचारल्यावर तासाभरात डाग उगवला. आणि तोही परका. त्यांनी पुन्हा फोन केला आणि म्हणाल्या, "वडिलांना दे."

कातारीने ना हा फोटो पाहिला होता ना तो. तो सरळ म्हणाला, "ताई, डाग आहे. मी स्वतः वाचवलाय तो."

"पहिल्यात नाही, दुसऱ्यात आहे, आणि दुसऱ्यातला माझा नाही," काकू म्हणाल्या. "दादा, ह्यांचं लाकूड तुम्ही कुणाला दिलंत?"

लाकूड बदलणारा, असं त्याला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. त्याने फोन ठेवला. लेकीला विचारलं, "दोन फोटो कसले?" ती म्हणाली, "उजेडाचा फरक आहे बाबा." हा तिचा दुसरा खोटेपणा, आणि पहिल्यापेक्षा वाईट.

शनिवारी मी काकूंच्या दारात पोचलो. मला पेटीतून त्यांचा आवाज ऐकू येत होता. कुरियरवाला म्हणाला, "आधी सही करा, मग उघडा." काकू म्हणाल्या, "शिपायाच्या बायकोला सही शिकवू नका. सही केली म्हणजे मिळालं असं होतं. मला मिळालेलं नाही." दार लागलं. मित्रांनो, पस्तीस वर्षं ज्या घरच्या माणसाच्या मुठीत मी होतो, त्या घराच्या उंबऱ्यावरून मी परत गेलो. आतून मला त्या खिडकीचा आवाज येत होता. माझ्यावाचून ती आपटत होती.

सोमवार उजाडला आणि मावळला. मुलीने पहिली सही कुठल्यातरी दुकानातल्या पेनाने केली. मी तेव्हा एका गोदामात होतो, खालच्या फळीवर, वर भांड्यांचं खोकं. मला परत पोचायला तीन आठवडे लागले.

त्या तीन आठवड्यांत कातारीकडे काय चाललं होतं ते त्याच्या तोंडावरच दिसलं. कातारी लाकूड बदलतो, असा बोभाटा झाला होता. आधी एक माणूस आला आणि सहज म्हणतोय असं दाखवत पाळण्याचा दांडा परत घेऊन गेला. मग खाटेचा पाय गेला. कुणी कारण सांगितलं नाही आणि कातारीने विचारलं नाही. लेकीने माझी पेटी उघडली, मला बाहेर काढलं आणि डाग पाहिला. मग तिने बापाला सगळं सांगितलं, पहिल्या माऊसच्या टिचकीपासून. मी टेबलावर होतो.

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. "मला त्याच दिवशी सांगायचंस," म्हणाला. "मी चाळीस वर्षं लोकांचं लाकूड हातात घेतोय. ते मला नुसतं लाकूड देत नव्हते गं." त्याने मला उचलून डागावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "मी पण तुला सांगायला हवं होतं. सकाळी लवकर ऊठ. जाऊ या."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं काकूंच्या घरी बसली होती. मुलगी शाळेत गेली होती. काकूंनी पाणी दिलं, पण स्वतः बसल्या नाहीत. लेकीने मान खाली घालून सांगितलं, "मावशी, डाग मीच पुसला. कचरा समजून. आणि मग मीच दुसरा आणून बसवला. बाबांना काही माहीत नव्हतं." तिने मला टेबलावर ठेवलं. काकूंनी मला उचललं. वाकडं नख डागावरून फिरलं, शेपटीपर्यंत. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, झालं, पोचलो मी.

मग त्या थांबल्या. लेकीकडे बघून म्हणाल्या, "तू फोटोत डाग उमटवू शकतेस." आणि मग कातारीकडे वळल्या. "दादा, एक विचारते. खरं सांगा. लाकडावर असा डाग पाडता येतो का?"

मित्रांनो, मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होतो. एक 'नाही' म्हणाला असता की सगळं मिटलं असतं. लेकीनेही त्याच्याकडे पाहिलं.

"येतो," कातारी म्हणाला. "जुना खिळा आणि थोडा व्हिनेगर. एका दुपारचं काम आहे."

"तुम्ही पाडलात?"

"नाही."

"मी कसं मानू?"

"ते मला नाही सांगता येणार, ताई."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की काकू, मी तोच आहे. तुमचा अंगठा फुटला तेव्हा मी तुमच्याच हातात होतो. पण लाकडाला कुठून आवाज असणार? काकू मला तशाच धरून उभ्या राहिल्या. त्यांना मी तोच असायला हवा होतो, आणि म्हणूनच त्यांना भीती वाटत होती. शेवटी म्हणाल्या, "असेलही. तुम्ही एवढ्या लांब आलात. पण खात्री नसताना बापाची वस्तू म्हणून माझ्या लेकीच्या हातात मी कशी देऊ? उद्या ती जीव लावेल याच्यावर." त्यांनी मला परत केलं नाही आणि छातीशीही धरलं नाही. खणात ठेवलं. कातारीने त्यानंतर कुणाचं घरचं लाकूड घेतलं नाही, असं म्हणतात. वखारीतून विकत आणलेल्या लाकडाचे पेन करतो. लेक अजून फोटो काढते की नाही, मला माहीत नाही.

खणात मी चार वर्षं होतो. बटणं, जुन्या पावत्या, चष्म्याची एक काडी आणि मी. कधीतरी महिन्या-दोन महिन्यांनी काकू खण उघडायच्या, मला काढायच्या, डाग बघायच्या आणि ठेवून द्यायच्या. दर वेळी मला वाटायचं, आज ओळखतील. एखाद्या दिवशी ओळखलंही असेल. पण खण लावेपर्यंत ते टिकायचं नाही.

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी मुलगी प्रगतिपुस्तकं भरत बसली होती आणि तिचा पेन संपला. तिने खण उघडला, हाताला मी लागलो. वर्तमानपत्राच्या कडेला दोन-चार रेघोट्या मारल्या, तेव्हा माझी शाई उतरली.

"आई, हा कुणाचा गं?"

काकू घड्या घालत होत्या. घालायच्या थांबल्या. "असाच आहे. एकजण देऊन गेले होते."

"मस्त चालतो. मी घेऊ?"

काकूंनी एकदा डागाकडे पाहिलं. "घे," म्हणाल्या.

आणि ती लिहायला लागली. प्रगतिपुस्तकावर वर्गशिक्षिकेचं संपूर्ण नाव लिहावं लागतं. आधी तिचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. मित्रांनो, शाळेत सगळे त्यांना काका म्हणायचे आणि घरी काकू 'अहो' म्हणायच्या. ज्या माणसाच्या मुठीत मी पस्तीस वर्षं होतो, त्याचं नाव मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं, कारण ते मी लिहिलं. बेचाळीस मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर बेचाळीस वेळा लिहिलं. लिहिणारीला माहीत नव्हतं. समोर बसलेल्या काकू हातातली घडी तशीच धरून शेवटच्या पुस्तकापर्यंत माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांना खात्री नव्हती.

माझं मागणं थोडं आहे. फोटो काढा, हौसेने काढा, मागे समुद्र लावा, डोंगर लावा, मला त्याचं काही वाटत नाही. पण वस्तूच्या अंगावर काही दिसलं, तर पुसण्याआधी एकदा मान वळवून तिच्याकडे बघा आणि कुणाला तरी विचारा की हे काय आहे. आणि विचारायचं राहून गेलं, हातून पुसलं गेलंच, तर दुसरा फोटो करत बसू नका. त्याच वेळी फोन उचला आणि म्हणा, "मावशी, माझ्याकडून पुसलं गेलं." मावशी रागावल्या असत्या, दोन शब्द बोलल्या असत्या आणि सोमवारी सकाळी मला मुलीच्या हातात देऊन म्हणाल्या असत्या, "हे घे, तुझ्या बाबांचं आहे." मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.